सहाव्या खुर्चीचे चार तास

सोमवार, ४ मार्च

निवृत्त होऊन साडेपाच महिने घरी बसले आणि ताईच्या डोक्याला ताप होऊन बसले. शेवटी तिनेच पेपरातली जाहिरात कापून माझ्या चहाच्या कपाखाली सरकवली. माजी सैनिकांच्या रुग्णालयात किडनीतज्ज्ञ हवा, अर्धवेळ, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी आठ ते एक. म्हणाली, जा बाई, तिथे कुणावर तरी ओरड, माझे कान सुटतील. आज रुजू झाले.

जागा झकास आहे. डायलिसिसचा हॉल तळमजल्यावर, मोठ्या खिडक्या, फिनेलचा वास. एका ओळीत सहा खुर्च्या आणि प्रत्येकीशेजारी रक्त धुणारं मशीन. पेशंट मात्र पाच. पाचही सत्तरी ओलांडलेले, एकाच तुकडीतले. एकमेकांची टर उडवत चार तास काढायचे, हा त्यांचा उद्योग. तुकडीतली नावं अजून चालतात: बिनतारी, आचारी, ड्रायव्हर, बिगुल, आणि दिवसभरात चार शब्द बोलणारा म्हणून बडबड्या. बिनतारीने विचारलं की मॅडम, तुम्ही किती दिवस टिकणार, आधीचे डॉक्टर चार महिन्यांत पळाले. मी म्हटलं, मी पळणाऱ्यातली नाही, गुडघे दुखतात. सगळे हसले. मला एकदम आवडून गेले हे म्हातारे.

बुधवार, ६ मार्च

रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि मूड गेला. पाचांचंही रक्त नीट धुतलं जात नाहीये. पोटॅशियम इतकं वर की कुणाचंही हृदय कधीही थांबेल. बिनतारीचं तर सगळ्यांत वाईट. कालपर्यंत कोण झोपा काढत होतं इथे?

वजनाची वही पाहिली. पेशंटच्या अंगात पाणी साठतं, म्हणून डायलिसिसच्या आधी आणि नंतर वजन करतात. सहाव्या ओळीत 'कॅप्टन', आधी बासष्ट किलो, नंतर साठ. सहावं मशीनही चालू होतं, खुर्ची रिकामी. सिस्टरला विचारलं तर म्हणाली, ते लवकर येऊन जातात. मी म्हटलं, मग मशीन कुणासाठी फिरतंय? ती औषधांच्या कपाटाकडे निघून गेली.

शुक्रवार, ८ मार्च

चोरी पकडली. प्रत्येक मशीन आपापला वेळ आत नोंदवून ठेवतं. टेक्निशियन डबा खायला गेला तेव्हा मी एकेका मशीनची नोंद उघडून बघितली. मी चार तास लिहून देते, पण पाचांनाही मिळतात तीन तास बारा मिनिटं. दर वेळी अठ्ठेचाळीस मिनिटं कमी. आणि पाच गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे बरोबर चार तास. ते चार तास सहाव्या मशीनवर, रिकाम्या खुर्चीला.

टेक्निशियनला फैलावर घेतलं. तो मान खाली घालून म्हणाला, मॅडम, हे पाचजणच सांगतात. मी नुसतं बटण दाबतो.

सोमवार, ११ मार्च

बिनतारीला खिंडीत गाठलं. आधी थट्टेवारी नेऊ लागला, मग सगळं सांगितलं.

पन्नासेक वर्षांपूर्वी यांचा खंदक कोसळला. सहाजण पूर्ण दिवस मातीखाली. असं झालं की दबलेल्या मांसातलं विष रक्तात उतरतं आणि किडन्या बंद पडतात, हे मी विद्यार्थ्यांना तीस वर्षं शिकवलं. लष्करी रुग्णालयात मशीन एकच. कॅप्टन म्हणाले, आधी माझी माणसं. एकेकाचा नंबर लागत गेला. त्यांचा लागायच्या आत ते सुजून, श्वास कोंडून गेले. म्हातारपणी या पाचांच्या किडन्या पुन्हा गेल्या, इथे आले, तर सहावी खुर्ची रिकामी. त्यांनी ठरवलं, प्रत्येकाने आपल्यातला थोडा वेळ काढायचा. कॅप्टनचा नंबर चुकवायचा नाही.

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण मेलेल्या माणसासाठी जिवंत पाच मारू का? सहावं मशीन बंद करायचा लेखी हुकूम काढला, सही केली, मशीनवर चादर टाकली. पाचांनाही पूर्ण चार तास. आचारी मला म्हणाला की बाई, निदान सही नका करू. मी त्याला झापलं.

शुक्रवार, १५ मार्च

रिपोर्ट सुधारले. बिनतारीचं पोटॅशियम खाली आलं, चेहऱ्यावर रंग आला. ताईला फोन करून फुशारकी मारली.

फक्त एक गोष्ट. वहीच्या सहाव्या ओळीत बुधवारी कुणीतरी बासष्ट लिहिलंय. आज साडेत्रेसष्ट. 'नंतर'चा रकाना कोरा. अक्षर तिरकं, पेन्सिलचं. पाचांची अक्षरं तपासली, सिस्टरचं तपासलं, टेक्निशियनचं तपासलं. कुणाचंच नाही. म्हाताऱ्यांचा चावटपणा असणार, अक्षर बदलून लिहिलं असेल.

बुधवार, २० मार्च

सोमवारी साडेपासष्ट. आज सदुसष्ट. मी वही कपाटात ठेवून किल्ली घरी नेली होती.

आणि खुर्ची. सूज आलेल्या पायावर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. आयुष्यभर हजारो पाय दाबून पाहिलेत. आज सहाव्या खुर्चीच्या गादीवर कुणी बसून उठल्यासारखा खोल दाब होता. मी हात ठेवला. गादी ओलसर होती, कोमट होती. दहा मिनिटं उभी राहिले. खळगा भरला नाही.

वासही येतोय. किडनी गेलेल्या माणसाच्या श्वासाला येतो तो, मुतारीसारखा. पाचांच्या तोंडाला नाही येत. त्यांची तब्येत सुधारलीय.

 टेक्निशियन पाहत होता, म्हणून ओला हात खिशात घातला.

शुक्रवार, २२ मार्च

एकोणसत्तर.

सकाळी बांगडी निघेना. साबण लावून काढली. ताई म्हणाली, डोळ्यांखाली पिशव्या आल्यात, झोप नाही का होत. मी आरशात पाहिलं. ही झोपेची सूज नाही. मला ओळखता येते.

काल दुपारपासून लघवी झालेली नाही.

हॉलमध्ये श्वास ऐकू येतो. खोल, भरभर, दमलेला. सहाव्या खुर्चीकडून. पाचही जण त्या बाजूला पाहतात आणि मग माझ्याकडे. थट्टा नाही, काही नाही. बिनतारीने आज माझा हात धरला आणि म्हणाला की मॅडम, आम्हाला आमचा वेळ नको, परत घ्या. मी म्हटलं, सोमवारी बघू. का म्हटलं सोमवारी?

रविवार, २४ मार्च

माझं रक्त बाहेरच्या लॅबमध्ये तपासून घेतलं. पोटॅशियम सहा पॉइंट चार; पाचच्या आसपास हवं. लॅबवाला म्हणाला, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा काढलं. सहा पॉइंट सहा.

महिन्यापूर्वी नोकरीसाठी तपासणी झाली तेव्हा माझ्या किडन्या ठणठणीत होत्या. ताईला अजून सांगितलं नाही. ती माझ्यासाठी बिनमिठाचं काहीतरी करतेय, विचारत नाहीये, म्हणजे तिला कळलंय. मला भीती वाटतेय. नुसती भीती. मी डॉक्टर आहे वगैरे सगळं कुठच्या कुठे गेलं.

सोमवार, २५ मार्च

हुकूम फिरवला. सही केली. चादर काढली. पाचही जण लगेच तयार — तीन तास बारा मिनिटं, पूर्वीसारखं.

सहावं मशीन चार तास चाललं. नंतर वही पाहिली. आधी साडेएकाहत्तर. नंतर — साडेएकाहत्तर.

बडबड्या आज बोलला. म्हणाला, त्यांना आता आमचा वेळ चालत नाही. नंबर तुम्ही तोडलात.

मी ओरडले. माहीत नव्हतं मला, मी तुमचेच जीव वाचवत होते, हे खरं नाही का. कुणी नाही म्हटलं नाही.

मंगळवार, २६ मार्च

चप्पल पायात जात नाही. जिना चढताना दोनदा बसले. ताई मोठ्या रुग्णालयात चल म्हणते. चार तासांचा रस्ता. वाटेतच हृदय थांबेल, माझे आकडे मला कळतात. आपल्या हॉलमध्ये मशीनं आहेत. आज हॉल बंद असतो, उद्या तिथेच.

ताई रडली. मीही.

बुधवार, २७ मार्च

सकाळी साडेआठ. भूलतज्ज्ञांनी मानेत नळी घातली. पोटॅशियम सात पॉइंट एक. छातीला तारा लावल्यात, पडद्यावर ठोके रुंद होत चाललेत. वेळ नाही.

बिनतारी आपल्या खुर्चीवरून उठला, माझी घ्या म्हणाला. जोडलं — अलार्म. आचारीचं जोडलं — अलार्म. पाचांपैकी एकही मशीन माझं रक्त घेत नाही.

सहाव्याला नुसतं लावून पाहिलं. ते घेतंय.

नऊ वाजता. ताई बाहेर आहे. काचेतून दिसतेय. मीच म्हटलं, आत येऊ नको.

सहाव्या खुर्चीच्या हातावर त्या मशीनच्या आजच्या नंबरांचं पत्रक होतं. पहिल्या ओळीत पेन्सिलने लिहिलेलं, कॅप्टन, चौऱ्याहत्तर. दुसरी ओळ कोरी. टेक्निशियन नळ्या हातात धरून विचारत होता, मॅडम, आधी कुणाला लावू.

मशीन एक. आम्ही दोघं.

मला उत्तर माहीत होतं. पाचांनाही माहीत होतं. पन्नास वर्षं एका माणसाने वाट पाहिली आहे — तुम्ही आधी, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. पण चार तास, चार तास मी काही टिकत नाही. चाळीस मिनिटंसुद्धा —

मी म्हटलं, आधी मला.

पहिली ओळ खोडली, माझं नाव लिहिलं, सही केली. बिनतारीने मान फिरवली. मग एकेक करून पाचांनीही.

बसले. पाठीमागची गादी दबलेली आहे. कोमट. तो उठलेला नाही. मी त्याच्यात बसलेय — कानामागे श्वास —

पंप सुरू. मानेतून रक्त निघालं, नळी लाल झाली, मशीनमधून गेलं. परतीची नळी माझ्याकडे यायला हवी. माझ्या मानेपर्यंत ती आलेली दिसतेय, पण कोरडी आहे. रक्त परत येत नाहीये. मशीन म्हणतं सगळं ठीक. तीन तास अठ्ठावन्न मिनिटं बाकी.

टेक्निशियनला म्हटलं, थांबव. तो बटण दाबतोय. दाबतोय —

बोटं गार पडली. मांडीवरचा दुसरा हात मात्र ऊबदार होतोय. तो हात माझा नाही —