चढ्या आवाजाची अंगठी

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, हे मृत्युपत्र शुद्धीत, राजीखुशीने आणि दोन वेळा चष्मा पुसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तरी मी जुमानला नसता, हे माझे दिवंगत यजमान सांगू शकले असते.

एक. राहती दोन खोल्यांची जागा माझ्या मुलाला मिळावी. खिडकीची कडी आधी वर उचलावी, मग ओढावी. जोर लावू नये.

दोन. बँकेतली ठेव मुलाने आणि पुतणीने निम्मी-निम्मी घ्यावी. पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. तिला का, ते पुढे येईल.

तीन. माझा मेटल डिटेक्टर, कुदळ आणि चाळणीसह, पुतणीचा.

निवृत्त झाल्यावर मी तो एका नळदुरुस्तीवाल्याकडून जुना विकत घेतला. त्यानेच समुद्रकिनाऱ्यावर मला शिकवलं. पहिल्या महिन्यात बाटल्यांची झाकणं आणि खिळेच निघाले. मी वैतागले तेव्हा तो म्हणाला, "बाई, हे यंत्र सोनं-बिनं काही सांगत नाही. काहीतरी आहे, एवढंच सांगतं. बाकी तुमचा कान." कान माझा चांगलाच होता, एकतीस वर्षं लोकांचे आवाज जोडून दिले होते. घरी आल्यावर मी स्वतःची अंगठी कुंडीत वीतभर खोल पुरली आणि ऐकत बसले. सोन्याच्या अंगठीचा आवाज दबका, जवळजवळ चॉकलेटच्या चंदेरी कागदाइतकाच. पितळेचा चढा, खणखणीत. सोनं हवं तर शंभर कागद उकरायचे, हे मी तिथे शिकले. एका नवऱ्या मुलीची अंगठी वाळूतून काढून दिली, तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली.

पण खरं सांगायचं तर मी हे शिकले एकाच अंगठीसाठी.

चार. ती अंगठीही पुतणीचीच. हकीकत अशी.

एकोणतीस वर्षांपूर्वी सासूबाईंची अंगठी मागच्या अंगणात धुणं धुताना हरवली. थोरल्या जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या, "धाकटीने लांबवली." मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. तो आळ मला लागला नाही इतकं त्यांचं गप्प राहणं लागलं. आम्ही वेगळे झालो.

सासूबाई गेल्या, दीर गेले, आमचे हेही गेले. मग एका रविवारी पुतणीने मला त्या अंगणात बोलावलं. जाऊबाई दार लावून आत बसल्या. दोन वर्षं मी तिथे दबका आवाज शोधला. जुन्या नळापाशी दर वेळी चढा आवाज येई. तोटीचा तुकडा असणार, म्हणून मी पुढे जाई.

शेवटी पुतणी म्हणाली, "काकू, आहे तरी काय ते, बघू या ना!"

"पितळ आहे गं. त्यात काय बघायचं?"

"मग पितळ बघू या."

तिनेच उकरलं. निघाली अंगठी. आतल्या बाजूला सासूबाईंच्या नावाचं पहिलं अक्षर, आणि सगळी हिरवी पडलेली. सोनं मातीत हिरवं पडत नाही. सासूबाईंनी खरी कधीच मोडली होती आणि तशीच पितळेची घडवून बोटात घातली होती. नीट शोध झाला असता तर बिंग फुटलं असतं. म्हणून त्या गप्प राहिल्या. आणि मी चोर ठरले.

दार वाजवून मी ती जाऊबाईंच्या हातावर ठेवली. "ही ती नव्हे," त्या म्हणाल्या. मग अक्षर चाचपत पायरीवरच बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "अंगठी हरवली त्याच्या आदल्या वर्षी यांचं पोटाचं ऑपरेशन झालं. पैसे कुठून आले, मी कधी विचारलंच नाही गं."

मीही नव्हतं विचारलं. खात्री आजही नाही. सोनाराचं दुकान बंद झालं, सांगणारं कोणी उरलं नाही. सासूबाईंचा राग मला अजून येतो. तो मात्र कोणाला देत नाही, माझ्याबरोबर जाईल.

पाच. माझ्या माघारी कोणी म्हणेल, म्हातारीच्या डोक्यात यंत्राचं खूळ होतं, ही हकीकतही त्यातलीच. म्हणून साक्षीदार विचार करून निवडले आहेत. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नका. मी जाऊबाईंना विचारलं, "ताई, अंगठी तुम्हाला ठेवू, की साक्षीदार म्हणून सही कराल?"

त्या म्हणाल्या, "तू खरं बोलतेस, असं त्यात लिहिलंय का?"

"लिहिलंय."

"मग पेन दे."

साक्षीदार पहिला: नळदुरुस्तीवाला (सही)
साक्षीदार दुसरी: थोरली जाऊ (सही, पहिली पुसट उठल्यामुळे दोनदा केली, दोन्ही ग्राह्य धराव्यात)

लिहून देणार: धाकटी (सही)
स्थळ: जाऊबाईंचं स्वयंपाकघर
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार