साइटवर मी होते

११ नोव्हें. २००३, मंगळ.
ठेकेदार शेठनी अनुभवाचा दाखला दिला एकदाचा. मुरबाडहून परतताना एसटीत वाचला. 'पाच वर्षे कार्यालयीन सहाय्यक म्हणून काम केले.' कार्यालयीन! सिव्हिलचा डिप्लोमा, पाच वर्षं त्यांच्या साइटवर उन्हात उभी राहून लेव्हल घेतल्या, आणि मी सहाय्यक. इंजिनिअरच्या लायसनला साइटवरचीच पाच वर्षं लागतात. ठाण्याच्या ऑफिसात हा कागद दिला की अर्ज तिथेच संपला.
टोकावड्याला उतरायचं विसरले. पुढच्या स्टॉपवरून चालत घरी.

१३ नोव्हें., गुरु.
परत शेठकडे. हसत म्हणाले, "अगं, बाईमाणूस साइट बघत होती असं लिहिलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल मला? ड्रॉइंग काढायचीस, तेच लिहिलंय." मी म्हटलं, मग धसईच्या शाळेचा स्लॅब कोणी थांबवला? शेठनी कुणाला तरी फोन लावला. मी निघाले.
बाहेर काशीनाथ मिस्त्री भिंतीवर पाणी मारत होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, शाळेचं काम तपासाला सरकारी सायेब यायचे ना, त्यांना इचारा. रिटायर झाले. शहापूरला ऱ्हातात." मला कसं सुचलं नाही?

१६ नोव्हें., रवि.
शहापूर. साहेबांचं घर शोधण्यात तास गेला. ओळखतील का, हीच धाकधूक. दारात चष्मा सारखा करून बघत राहिले आणि मी नाव सांगायच्या आत, "सळ्या मोजणारी मुलगी!"
शाळेच्या स्लॅबच्या दिवशी सळ्या सहा इंचांऐवजी नऊ इंचांवर बांधलेल्या. काँक्रीट कालवून तयार. मी फळ्यांवर जाऊन उभी राहिले, साहेब येईपर्यंत एक घमेलं टाकू दिलं नाही. शेठ खालून ओरडत होते.
साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. 'पाचही वर्षे मी ज्या ज्या कामाच्या तपासणीस गेलो, तेथे हीच साइटवर हजर होती.' काकूंनी चहा ठेवला होता. कागद परत परत वाचण्यात निवून गेला.

१९ डिसें., शुक्र.
ठाणे. मुलाखत. टेबलामागे तिघे. शेठचा दाखलाही जोडावाच लागला होता, त्यामुळे दोन्ही समोर. एक म्हणाले, "यातला खरा कुठला?" तोंडातून निघून गेलं, "मला विचारून बघा ना."
विचारलं: स्लॅब भरायच्या आधी काय बघाल? सांगत सुटले. सळ्यांचं अंतर, खालचे ठोकळे, टेकू जमिनीवर नीट बसलेत का, पावसाचं पाणी कुठून जाणार... मधेच दुसऱ्यांनी हात वर केला. "पुरे, पुरे."
पुरे म्हणजे? बरोबर म्हणून, की कंटाळा आला म्हणून? घरी येईपर्यंत तेच.

२१ जाने. २००४, बुध.
आलं! लायसन आलं!
आई वाल सोलत होती. "वाच गो मोठ्यानी." वाचलं. माझं नाव, पुढे 'परवानाधारक अभियंता'. "परत वाच." परत वाचलं. "आता तुला कोनी सायक-बियक म्हननार नाय ना?" नाय, म्हटलं. मग कागद घेऊन शेजारी दाखवायला गेली. तासाने आणला तेव्हा कोपऱ्यावर हळदीचं बोट. ओरडणार होते, हसूच आलं.
जेवून झोपले. दुपारची मी कधी झोपत नाही. दिवेलागणीला उठले.
साहेबांना पत्र टाकायचं. मिस्त्रींना जाऊन सांगायचं.

२४ जाने., शनि.
वैशाखऱ्याहून एक गृहस्थ आले. नकाशा तयारच. जुन्या घरावर मजला चढवायचाय, पाडव्याच्या आत. "सही तेवढी द्या मॅडम. बघाला कशाला येता? भिंती दोन फुटी हायत." मॅडम!
पहिलंच काम. हो म्हणावंसं फार वाटलं. म्हटलं, उद्या येते, भिंती बघते, मग बोलू. तोंड वाकडं करून गेले. दुसरीकडून सही घेतील कदाचित.
आई म्हणे, "पयलंच गिऱ्हाईक, अन् तू त्याला परत लावलास?"
दोन फुटी असतील. पण आत चुना आहे की नुसती माती? माती असली तर वरचा मजला पेलायची नाही.
उद्या सकाळी साडेनऊची एसटी. टेप, ओळंबा, छिन्नी काढून ठेवली.