जेवणाच्या टेबलावरची बस

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग नुसतं लिहिलं आहे. कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसून मान तेवढी झुकवली आहे, ती गोड मानून घ्यावी. कंबर का धरली ते पुढे ओघात येईलच.) तुमच्या आईंच्या खुब्याचं हाड आता कसं आहे? वॉकर घेऊन त्या स्वयंपाकघरापर्यंत जातात असं तुम्ही फोनवर म्हणालात, ते ऐकून बरं वाटलं. आणि तिथे पोचल्यावर तुमच्या कामात चुका काढतात हे ऐकून तर प्रकृती सुधारत असल्याची खात्रीच पटली. तुम्हीही स्वतःला जपा. त्यांना उठवताना-बसवताना एकटीने जोर लावू नका, नाहीतर एका वॉकरवर दोघींना पाळ्या लावाव्या लागतील.

इकडे सगळं ठीक आहे. दादा दोन्ही वेळा जेवतो, गोळ्या घेतो, पायऱ्या उतरून खाली फिरून येतो. तुम्ही निघताना मला जिन्यात गाठून बजावलं होतंत, की भाऊजी, भोवळीमुळे त्यांची बसची ड्रायव्हरकी सुटली आहे, काही झालं तरी त्यांना गाडीला हात लावू देऊ नका. ते मी अक्षरशः पाळलं आहे. दादाने गाडीला हात लावलेला नाही. बस मात्र तो रोज चालवतो. घाबरू नका, पत्र खाली ठेवू नका, पुढे वाचा.

तुम्ही गेल्यावर सुरुवातीचे काही दिवस फार वाईट गेले हे तुम्हाला फोनवर सांगितलं नाही, कारण तुम्ही तिथून काय करणार होतात. दादा सकाळी उठून गॅलरीत बसायचा तो जेवायला हाक मारेपर्यंत. रस्त्याने बस गेली की पडद्याआडून तिचा नुसता आवाज ऐकायचा आणि पुटपुटायचा, 'अरे, उतरव, गिअर उतरव, रडतंय ते इंजिन.' एवढंच काय ते दिवसभराचं बोलणं. मी चष्म्याचं दुकान बंद करून यायचो, दिवसभरात कोणाकोणाचा नंबर वाढला ते सांगायचो, कोणाची फ्रेम नातवाने चावली ते सांगायचो, तो 'हं' म्हणायचा. एकदा मी पाकीट विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. दार लोटलेलंच होतं. दादा जेवणाच्या टेबलाशी बसला होता, पुढ्यातलं रिकामं ताट त्याने दोन्ही हातांनी कडेला धरलं होतं आणि ते तो हळूहळू डावीकडे वळवत होता. अगदी सावकाश, मोठं वळण घेतात तसं. नजर समोरच्या भिंतीवर. मी तसाच पावलं न वाजवता बाहेर आलो, जिन्यात दोन-तीनदा खोकलो आणि मग आत शिरलो. ताट बेसिनमध्ये होतं. पाकीट न घेताच मी दुकानात गेलो.

त्या दिवशी दुकानात एक बाई आल्या होत्या, दवाखान्यात क्ष-किरणांचे फोटो काढतात त्या. त्यांचे डोळे तपासताना मी विचारलं, पडद्यासमोर फार बसता का? तर म्हणाल्या, कामावर बसतेच, आणि घरी गेल्यावर ट्रक चालवते. मला वाटलं, नवऱ्याचा धंदा असेल. पण तो खेळ निघाला. कॉम्प्युटरवर खरा रस्ता दिसतो, आरसे दिसतात, मागचा माणूस हॉर्न वाजवतो आणि टेबलाला खरोखरचं स्टिअरिंग लावता येतं. मी विचारलं, बस असते का? त्या म्हणाल्या, असते की, थांबे असतात, प्रवासीसुद्धा चढतात. पण साध्या कॉम्प्युटरवर चालत नाही म्हणे, गेमिंगचा लागतो. मी त्यांना चुकून दोन्ही डोळ्यांना एकच नंबर लिहून दिला आणि दुकान बंद करून निघालो. (नंतर बोलावून दुरुस्त केला.)

आता वहिनी, तयार कॉम्प्युटर मिळत असताना सुटे भाग का घेतलेस, असं तुम्ही विचारणार. दोष माझ्या धंद्याचा. फ्रेम वेगळी, काच वेगळी आणि मग गिऱ्हाइकाच्या नाकाला बसेल अशी जुळवणी, हे मी आयुष्यभर करत आलो आहे. कॉम्प्युटरचा दुकानदार (याला मोठी दाढी आहे, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव दाढीवाला पडलं आहे) सांगू लागला की हे सगळे भाग एकमेकांना जुळावे लागतात, सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड या प्रोसेसरला चालतो त्याला चालत नाही, तेव्हा मी त्याला म्हटलं, अहो, तुम्ही जुळवणीचं कोणाला सांगता. मी दादाला मुद्दाम बरोबर नेलं होतं, रक्तदाब मोजायला जाऊ असं सांगून. तो आधी दाराशीच उभा राहिला. दाढीवाल्याने विचारलं, कशासाठी हवाय? मी म्हटलं, बस चालवायला. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की तपासणी माझीच करायला हवी होती.

पण मग दाढीवाला समजावू लागला की प्रोसेसर म्हणजे इंजिन समजा, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे समोरचा रस्ता दाखवणारं यंत्र, आणि तुमच्या कामाला दुसरं भारी घ्या, पहिलं मध्यम चालेल. दादा दारातूनच म्हणाला, 'आणि गरम झालं तर?' कित्येक आठवड्यांत त्याने स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. दाढीवाल्याने प्रोसेसरवर बसवायचा कूलर दाखवला. दादाने तो हातात घेऊन पाहिला, पंख्याला फुंकर मारली आणि याच्याहून मोठा दाखवा म्हणाला. मग त्याच्याहून मोठा. दाढीवाला म्हणाला, काका, एवढ्याची गरज नाही. दादा म्हणाला, 'घाटात थांबल्यावर गरज कळते.' पॉवर सप्लायही त्याने असाच दांडगा निवडला. मी गप्प बसलो, कारण त्याला बोलतं ठेवण्यासाठी मी कितीही मोठा पंखा घरी न्यायला तयार होतो. माझ्या वाट्याला कॅबिनेटची निवड आली. मी एका बाजूने पूर्ण काच असलेलं घेतलं. काच उत्तम आहे, कडा छान घासलेल्या आहेत. आत रंगीत दिवे लागतात, त्यांची गरज कोणालाच नव्हती. कूलर कॅबिनेटच्या उघड्या बाजूने बोटभर बाहेर येतो हे घरी आल्यावर कळलं. काच अजून लागलेली नाही. ती कपाटामागे उभी करून ठेवली आहे.

जुळवणी जेवणाच्या टेबलावर झाली. (खाली जुनी चादर घातली होती. निळ्या फुलांची. ती जुनीच होती ना?) बारीक स्क्रू म्हणजे माझा हातखंडा, तेव्हा मी ऐटीत माझी दुकानातली पेटी उघडली आणि पहिलाच स्क्रू फ्रिजखाली घालवला. तो काढायला पोटावर झोपलो, तेव्हा कंबर धरली ती आजतागायत. प्रोसेसरवर एक राखाडी मलम लावायचं असतं, थेंबभर. मी चष्म्याच्या काचेसारखं पुसून पुसून लावलं. दादा म्हणाला, ग्रीस कमी पडतंय. मग त्याने लावलं. मग आम्ही दोघांनी मिळून सांडलेलं पुसलं.

एवढं करून बटण दाबलं तर काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. मी हबकलो. मला वाटलं, माझ्याच बोटांनी काहीतरी मोडलं. मी सगळं परत उकललं, परत जोडलं, तरी तेच. दाढीवाल्याला फोन केला, त्याने शांतपणे विचारलं, काका, पॉवर सप्लायच्या मागे छोटं बटण आहे ते चालू आहे ना? यावर मी फोन कट झाल्याचं नाटक केलं.

बटण चालू केल्यावर पंखे फिरले, दिवे लागले, लाल, हिरवे, जांभळे, सगळं घर लग्नाच्या हॉलसारखं झालं, पण पडदा काळाच. इथे माझा धीर सुटला आणि दादाचा जागा झाला. तो बाह्या सारून पुढे आला. म्हणाला, रस्त्यात गाडी बंद पडली की सगळं एकदम नाही बघायचं, एकेक वस्तू वगळत जायचं. त्याने मला खुर्चीत बसवून माहितीपुस्तिका वाचायला लावली आणि स्वतः एकेक भाग काढू-घालू लागला. रॅमची पट्टी मी नुसती टेकवून ठेवली होती, कारण दाबलं की तडकतं हे माझ्या बोटांत मुरलेलं आहे. दादा म्हणाला, 'जोर लाव. काच नाही ती.' मी लावेना, तेव्हा त्याने स्वतः अंगठ्याने दाबली, खट्ट वाजलं. तरी पडदा काळा.

आणि मग, वहिनी, मी एक वेडेपणा केला. मी म्हटलं, जाऊ दे दादा, परत देऊन टाकू, नाहीतरी नुसता खेळच आहे, तुला बस आठवत राहील आणि उगाच त्रास होईल. दादाने हातातला पेचकस खाली ठेवला. मला वाटलं होतं तो चिडेल. तो अगदी हळू बोलला.

'मला बस आठवत नाही, हाच तर त्रास आहे. त्या दिवशी भोवळ आली तेव्हा गाडी भरलेली होती. मागे पोरंबाळं होती. शुद्धीवर आलो तर गाडी कडेला उभी. ती कोणी थांबवली? मी थांबवली, का कोणीतरी धावत येऊन थांबवली? मधलं काहीच आठवत नाही. डोळा लागला की ती गाडी नुसती चालतच राहते.'

इतके दिवस आपण समजत होतो, तुम्ही आणि मी, की याला स्टिअरिंग गेल्याचं दुःख आहे. मी उठून चहा ठेवला, दोघांनी टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्यावर कप ठेवून चहा घेतला. चहा पिता पिता दादाची नजर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला गेली आणि तो म्हणाला, 'ही पडद्याची तार इथे वर कशी? खाली कार्डाला पण तशीच जागा आहे.' कोणीतरी ती तार मदरबोर्डला लावली होती. भारी ग्राफिक्स कार्ड बिचारं रस्ता दाखवायला तयार होऊन बसलं होतं आणि त्याला कोणी विचारतच नव्हतं. तार काढून खाली लावली आणि चित्र आलं. आम्ही दोघं चित्र आल्यावर उगाच उभे राहिलो.

आता तो रोज चालवतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, सुसाट निघेल. तसं काही नाही. तो आरसे लावतो, सीट पुढे घेतो (जेवणाची खुर्ची पुढे घेतो), थोडं अंतर जातो, इंडिकेटर देतो आणि गाडी कडेला घेऊन थांबवतो. मग पुन्हा निघतो. पुन्हा थांबवतो. पडद्यावरचे प्रवासी कंटाळतात, मागचे हॉर्न वाजवतात, त्याला फिकीर नाही. थांबणं अगदी मऊ, पाण्याचा पेला ठेवला तर हिंदकळणार नाही असं. मी पहिल्यांदा हसलो आणि मग माझ्या लक्षात आलं की तो बस चालवतच नाही, तो नुसती थांबवतो आहे. पण आता जेवताना बोलतो. परवा तर दाढीवाल्याला फोन करून पंख्याच्या आवाजाबद्दल चांगलं झापलं.

असो. पत्र फार लांबलं. आईंना नमस्कार सांगा, आणि त्यांनी चुका काढल्या तर काढू द्या, तोही व्यायामच आहे.

आपला आज्ञाधारक दीर

ता. क. खरं तर एवढं सगळं एकाच कामासाठी लिहिलं. त्या दिवशी बसमध्ये ज्या कंडक्टरबाई होत्या, त्या तुम्हाला दवाखान्यात भेटल्या होत्या, त्यांचा नंबर तुमच्याकडे असेल. गाडी कोणी थांबवली हे तुम्ही त्यांना गुपचूप विचाराल का? मला धीर होत नाही. उत्तर वाईट असलं तर दादाला सांगायचं नाही असं ठरवू. तो स्वतः कधी विचारणार नाही.

ता. क. दुसरा: स्टिअरिंग टेबलाला शिकंज्याने आवळलं आहे, त्यामुळे कडेला दोन खुणा पडल्या आहेत. लहान आहेत. तुमच्या बाजूला आहेत.

ता. क. तिसरा, माझ्या हातचा. तुझा दीर पाकिटाला लावायला डिंक शोधतोय आणि पत्र माझ्यासमोर उघडंच टाकून गेलाय, म्हणून वाचलं. तार त्यानेच चुकीची लावली होती. खुणा लहान नाहीत. चादर नवी होती.

कंडक्टरबाईला फोन करू नकोस. काल दुपारी मीच डेपोत जाऊन आलो, बसने, मागच्या सीटवर बसून. याला सांगितलं नाही, तो बरोबर आला असता आणि सगळ्यांचे डोळे तपासत बसला असता. बाई ड्यूटी संपवून निघतच होती. म्हणाली, तुम्ही इंडिकेटर दिलात, गाडी कडेला घेतलीत, हँडब्रेक ओढलात, दार उघडलंत, मला म्हणालात सगळ्यांना उतरवून घ्या, आणि मग मान टाकलीत. मी तिला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ती जरा रागावलीच.

मला अजूनही त्यातलं काही आठवत नाही. पण घरी आलो, आडवा झालो, आणि तुझ्या दिराने जेवायला उठवेपर्यंत झोपलो. आईंना नीट चालायला लागू दे, मगच ये.