दावणीवरचा गुलाबी स्फटिक

२ जुलै
निवृत्तीआधी एकच काम: जिल्ह्यात खनिजं कुठे सापडतात याचा नकाशा. आजवर कुणी केला नाही, कुवतच नाही. प्राचार्यांची मुदत पंधरा तारीख. तोवर चांगला नमुना आणला, तर कॉलेजच्या काचेच्या कपाटावर माझं नाव. नाही तर कपाट केमिस्ट्रीच्या प्रफुलला, बीकर ठेवायला. बीकर!

५ जुलै
स्थळ क्र. १, नदी. गोटे. सगळे सारखे. नदीलाही काही दर्जा हवा.

८ जुलै
स्थळ क्र. २, टेकडी. फॉरेस्ट गार्डने अडवलं. वाघ आहे म्हणे. याला भूगर्भशास्त्र काय कळणार? परत आलो, पण स्वेच्छेने.

१० जुलै, दुपारी ३
सापडला! पोंभुर्ण्याकडे, लटारूभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात. नारळाएवढा गुलाबी स्फटिक, आरपार भोक, दावणीवर दोरीने टांगलेला. भोक बहुधा अश्मयुगीन. गाय रोज चाटते म्हणे. अंधश्रद्धेला सीमा नाही.

खाण कुठे, विचारलं. खाण नाई जी, बाजारातून आणला, म्हणाले. पत्ता लपवण्याची गावठी युक्ती! नकाशावर गोठ्यामागचं शेत नोंदवलं.

स्फटिक मागितला. तुमी नेऊन राह्यले, मंग गाय काय चाटन? शेवटी माझ्या नव्या रेनकोटावर कबूल झाले. रेनकोटात रत्न! कीव आली.

सायंकाळी ६
रेनकोट नसल्याने भिजलो. स्फटिकही. पुसला तरी ओलाच. दगडाला घाम! दुर्मीळ गुणधर्म.

१२ जुलै
प्रफुलला दाखवला. म्हणाला, सर, एकदा चाटून तर पाहा. केमिस्ट्रीवाल्यांची आणि गायीची बुद्धी एकच. प्राचार्यांना कपाटासाठी माझ्या नावाची पाटी रंगवायला सांगितली.

१३ जुलै
स्वच्छतेसाठी दोरीसकट कोमट पाण्याच्या बादलीत लटकवला. घरात ताकीद: हात लावायचा नाही. संध्याकाळी बायको, चंदा, वाकून म्हणाली, अवो, हा लहान होऊन राह्यला काय? चंदाला मापाची जाण कधीच नव्हती.

१५ जुलै, सकाळी ७
बादलीत दोरी आहे.

७.१०
बोट बुडवून चाटलं.

७.३०
लटारूभाऊंचा फोन. बाजारातून दुसरा खडा आणला, गाय खुश आहे. रेनकोट मस्त बसला. तुमाले अजून मीठ पायजे काय, सर?

सायंकाळी ५
पाटी लागली. माझं नाव ठळक आहे. कपाटात सध्या एकच नमुना: गुलाबी पाणी. बीकर प्रफुलचा.