पक्की शाई आणि निळे मीठ

मी, त्र्यंबक रामचंद्र गिजरे, वय बावन्न, राहणार शनिवार पेठ, सातारा, धंदा पूर्वी पाठशाळेत संस्कृत शिकवणे व हल्ली दस्त लिहिणे आणि शाई करून विकणे, हा कागद कोणाच्या दडपणाखाली न येता लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. नसती तर बुधवारची एवढी धास्ती वाटली नसती. बुधवारी सांगलीस माझा मुतखडा कापून काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजी नको." हे त्यांनी तीनदा सांगितले, म्हणून हा कागद.

१. राहते घर पत्नी सौ. कृष्णाबाई हिला. ती माझ्याशी अठरा दिवस बोललेली नाही. कारण कलम ४ मध्ये येईल.

२. सर्व ग्रंथ भाचा चि. दिनकर यास. तो सांगलीला विश्रामबागेच्या कॉलेजात रसायन शिकवतो. संस्कृत त्याला येत नाही, पण त्याची खुर्ची बुटकी आहे, ग्रंथ खाली घ्यायला होतील.

३. उरलेला काढा वैद्यबुवांना सव्याज परत. खडा विरघळेल म्हणून वर्षभर पाजला. दिनकर सांगतो, खडाही मिठासारखा क्षारच. पण सगळे क्षार मिठाइतके भोळे नसतात, काहींचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पाण्याला दाद देत नाहीत.

४. आता जे लिहायचे ते. गोडोलीच्या तानुबाईने तीन वर्षांपूर्वी माझ्याकडून मृत्युपत्र लिहून घेतले: घर व मळा विधवा सून शालूबाईस. मुलगा आफ्रिकेच्या लढाईत गेलेला. साक्षीदार दोन, एक वारला, दुसरा मी. लढाईमुळे चांगली शाई मिळत नव्हती, म्हणून रंगाच्या वड्या पाण्यात कालवून मी स्वतः केली होती. बाटलीवर चिठ्ठी लावली: 'गिजरे यांची पक्की शाई'. म्हातारीचा अंगठा मात्र छापखान्याच्या तेलकट शाईने घेतला. तिने विचारले, "कागदाला वाळवी लागंल का वं?" मी विद्वान. म्हणालो, मिठाच्या बरणीत ठेवा.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटले. दिवाळीत तानुबाई वारली. बरणीतून निघाला कोरा कागद, वर एक ठसठशीत अंगठा. शालूबाईचा चुलतदीर आकाराम म्हणतो, हिने मेलेल्या बाईचा अंगठा कोऱ्या कागदावर उठवला. घर तो मागतो, वर फौजदारीची धमकी देतो.

दिनकरने मला पेला, मीठ, साखर व गोडेतेल घेऊन बसवले. तो म्हणाला, पाण्याच्या प्रत्येक रेणूचे एक टोक किंचित धन भाराचे, दुसरे किंचित ऋण. मीठ धन आणि ऋण कणांचेच बांधलेले. पाणी दोन्ही टोकांनी ओढून ते सुटे करते. साखर फुटत नाही, पण तिलाही तशी टोके असतात, म्हणून सबंधच्या सबंध पाण्यात मिसळते. तेलाला टोकेच नाहीत. पाणी त्याला ओळख देत नाही. माझी वडी निघाली मिठाच्या जातीची. अक्षरे गेली, अंगठा राहिला. न्याय पाण्याने बरोबर केला, चूक लेखकाची.

हे मला दिवाळीतच उमगले होते. शालूबाई बरणी घेऊन आली होती. "पंडित, तळाचं मीठ निळं झालंय. ह्ये काय हाय?" मी म्हणालो, "खराब झाले. टाकून दे." शाळा-कचेऱ्या माझी शाई घेतात, त्या घेणे बंद करतील ही माझी भीती. सौ.ने आतून ऐकले. गेल्या महिन्यात शालूबाईला समन्स आले, तेव्हापासून अबोला.

तरी मी जाहीर करतो की त्या कागदावर मजकूर होता, तो वर लिहिल्याप्रमाणे होता, आणि मी तो वाचून दाखवला होता. माझ्या मरणानंतर हा कागद कोर्टात दाखल करावा.

५. येथे साक्षीसाठी शेजारी बादशहा अत्तार यांना बोलावले. त्यांनी वाचले आणि लेखणी खाली ठेवली.

"आवं पंडित, कोर्टात शालूबाईची पेशी सोमवारी, कापाकापी बुधवारी. सोमवारी तुमी जित्ते असणार न्हवं?"

"असेन बहुधा."

"मग मरायची वाट कशाला बघायची? आणि बुधवारी तुमी जगला-वाचला, तर ह्यो कागद कपाटात कुजणार. तवा शालूबाईचं काय?"

"माझी शाई कोण घेईल, बादशहा?"

"मी अत्तरात पाणी मिसळतो म्हणून बाजारात बोलतात. मिसळत न्हाई ते, तरी बोलतात. माझी दुकानदारी चाललीच न्हवं?"

ते सही करीनात. शालूबाईला बोलावून आणतो म्हणून गेले. ती आली ती बरणी कडेवर घेऊनच. "टाकलं न्हाई, पंडित. आत्तीच्या हातचं हाय." सासूला ती आत्ती म्हणते. दारात सौ. उभी होती. तिने पाण्याचा पेला पुढे केला. शालूबाईने तळाचे चिमूटभर मीठ त्यात टाकले. पाणी निळे झाले. तानुबाईचे मृत्युपत्र त्यात सगळेच्या सगळे आहे, फक्त वाचता येत नाही. वाचणारा मी एकटा उरलो आहे.

६. सबब कलम ४ मधील शेवटचे वाक्य रद्द. सोमवारी अकरा वाजता सातारच्या कोर्टात मी स्वतः उभा राहीन. सोबत हा कागद, बरणी, माझी बाटली व एक पेला. सौ. म्हणाली, "मी येते." अठरा दिवसांनी एवढेच.

७. हा कागद पाण्यात न विरघळणाऱ्या काजळाच्या शाईने लिहिला आहे. पुढची एक ओळ तेवढी माझ्या बाटलीतली. जज्जसाहेबांनी तिच्यावर पाण्याचे बोट फिरवावे.

गिजरे यांची शाई पक्की असते.

सही: त्र्यंबक रामचंद्र गिजरे
साक्षीदार: बादशहा अत्तार (आता केली), नानासो, पेन्शनर हवालदार, गोडोली (शालूबाईबरोबर आलेले)
सातारा, शनिवार, ता. ८ मार्च १९४७