मालूचं वय

३ ऑक्टोबर २००६
छत्तीस बायका, नळ एक. शहापूरला पाण्यासाठी रस्ता अडवला, कुणाचा तरी हंडा फौजदाराच्या डोक्याला लागला — खुनाचा प्रयत्न! धरण आमच्या उशाला, पाणी मुंबईला, मी तुरुंगात. इथेही पाण्याच्या रांगेतच. फक्त हंड्याऐवजी टमरेल.

५ ऑक्टोबर
कोर्टाची तारीख होती. न्यायला पोलीस नाहीत — सगळे कुठल्या मंत्र्याच्या बंदोबस्तात. तारीख गेली.

९ ऑक्टोबर
पाळी आली. कापड मागितलं. पहाऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, "साडी फाडा." दोन होत्या. आता दीड!

१४ ऑक्टोबर
शेजारच्या सतरंजीवर बुधी. मुरबाडजवळच्या, टोकावड्याकडच्या पाड्यावरची. नवरा पिऊन विहिरीत पडला. दीर म्हणतो, हिनेच ढकलला. "मी तं लाकडं आनाया गेलती गो!" दीड वर्ष झालं, अजून एक साक्षीदार उभा राहिलेला नाही. तिची पोर मालू इथेच तिच्याजवळ. मूठभर जीव, सारखी खोकते. जेलच्या नोंदीत वय "अंदाजे चार".

मालूला दूध मिळावं म्हणून अर्ज लिहिला. बराकीतले सगळे अर्ज मीच लिहिते — माझं लिखाण लोक मागून नेतात, हे जन्मात पहिल्यांदा! "अंदाजे" मला खटकलं. विचारलं, जन्म कधीचा गं?

"भाताची झोडनी चालू व्हती. त्याच साली एसटी वढ्यात गेली."

त्या एसटीवर मी साप्ताहिकातल्या माझ्या सदरात टवाळी केली होती, म्हणून साल पाठ. लिहून टाकलं: नोव्हेंबर २०००. वर ठोकलं — "पुढल्या महिन्यात सहा पूर्ण होतील, वजन मात्र बारा किलो, हे शासनाला शोभतं का?" झकास वाक्य. स्वतःच तीनदा वाचलं.

२० ऑक्टोबर
दूध आलं! पाव पेला, निळसर. मालू दुधाची मिशी पुसू देईना. बराकभर मिरवली.

२८ ऑक्टोबर
मोठ्या मॅडमनी बोलावलं. हातात माझा अर्ज.

"छान लिहिता हो. पण सहा पूर्ण झाली की मूल आईजवळ ठेवता येत नाही. पुण्याच्या बालगृहात कळवलंय."

म्हटलं, चुकलं माझं, चारच वर्षांची आहे.

"खाली 'खात्रीलायक माहितीवरून' असं तुम्हीच लिहिलंय."

खरंच. मीच.

२९ ऑक्टोबर
बुधीला सांगितलं. वाटलं, झिंज्या धरेल. म्हणाली, "तू चांगल्यापायीच लिवलंस ना गो बाय."

झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं.

७ नोव्हेंबर
दुसरा अर्ज. तिसरा अर्ज. साधे, हात जोडलेले, एकही टोमणा नसलेले. उत्तर आलं: पहिल्या अर्जातली माहिती ग्राह्य. दिराला विचारलं तर म्हणे, खुनी बाईची पोर घरात नको.

नोंदीतलं ते "अंदाजे चार" — त्यात पोरीची आईजवळची दोन वर्षं होती. मी ती खाल्ली. एका वाक्यासाठी!

१७ नोव्हेंबर
मालूला नेलं. जाताना तिचीही झडती. फ्रॉक वर करून! काय लपवलं असणार तिने, खोकला?

"आये, तू मागशी येतंस ना?"

"येतंय गो."

बुधी रडली नाही. ताट घासत बसली. घासलेलं ताट पुन्हा घासलं.

२४ नोव्हेंबर
बुधी सात दिवस नीट जेवलेली नाही. आज पहाऱ्यावरच्या बाईंना विचारत होती, "पुन्याला मुरबाडवरनं एसटी जाते का?"

बाई हसल्या. "तुला तिकीट कशाला? जन्मठेप झाली की सरकारच नेतं. शिक्षेच्या बाया सगळ्या पुण्यालाच."

बुधीने मान डोलावली. संध्याकाळी भाकरी खाल्ली, अख्खी. मी खूश! मूर्ख मी.

४ डिसेंबर
बुधी कोर्टातून आली. न्यायाधीशांनी तीनदा विचारलं म्हणे. तिने तीनदा सांगितलं — व्हय, मीच ढकलला.