आरामखुर्ची भर चौकात टेकवल्याची हकीकत

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण पाठ धरली आहे, तेव्हा सध्या मानेच्या वरचा तेवढा पोचला असं समज. उरलेला पाठ सुटली की घालतो. भावोजींचा खोकला कसा आहे? खिडक्या सताड उघड्या टाकून झोपायचं त्यांनी सोडलं का? (सोडलं नसणार. विचारायची पद्धत म्हणून विचारलं.) चिमीचे पुढचे दात आले का? इकडे सर्व क्षेम. म्हणजे नोकरी आहे आणि मीही आहे, फक्त आमचा दोघांचा आता पूर्वीसारखा रोजचा संबंध राहिलेला नाही. तो का, हेच सांगायला बसलोय.

मागच्या पत्रात तू लिहिलंस की दिवसभरात पाच मिनिटं टेकायला मिळत नाही. ताई, हे साफ चूक आहे, आणि हे मी मनचं सांगत नाही. महिन्यापूर्वी मी एका शिबिराला जाऊन आलो. विषय होता, विश्रांती घेऊन काम कसं वाढवावं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा पंचवीस मिनिटं काम. त्याने म्हणे डोकं ताजं राहतं आणि हात झपाझप चालतो. शेवटी प्रमाणपत्रही मिळालं. मला ते इतकं पटलं की परत येताना बसमध्ये मी पंचवीस मिनिटं बसलो आणि नियमाप्रमाणे पाच मिनिटं उठलो. (तेवढ्यात जागा गेली. पण तत्त्व म्हणून काही असतं.)

आता आमचं काम तुला ठाऊक आहेच. लोकांचं बिऱ्हाड एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचं. चार हमाल सामान उचलतात आणि मी मागून 'जपून, जपून' म्हणतो. त्याला देखरेख म्हणतात. माझी तीन महिन्यांची उमेदवारी संपत आली होती आणि मालकांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं की वकीलबाईंचं घर एका दिवसात, एकही तक्रार न येता हललं तर मी कायम, नाहीतर माझं सामान मी स्वतः हलवायचं. ही माझी पाचवी नोकरी. सहावीसाठी शब्द टाकायला भावोजींच्या ओळखीचं आता कुणी उरलेलं नाही, हे त्यांनीच मला दोनदा ऐकवलं आहे. तेव्हा मी पक्कं ठरवलं, की या घराला शास्त्रच लावायचं.

नवं घर समोरच होतं, चौक ओलांडला की तळमजला. त्यामुळे ट्रक नाही, सगळं हातानेच न्यायचं. मी सकाळीच गळ्यात शिट्टी अडकवली आणि चौघांना नियम समजावला: शिट्टी वाजली की हातातलं असेल तिथे ठेवायचं आणि पाच मिनिटं बसायचं, पुन्हा वाजली की उचलायचं. चौघांत मोठा तो पैलवान. (अंगाने काडी आहे. नाव कुणी ठेवलं देव जाणे.) त्याने एवढंच विचारलं, असेल तिथे? मी म्हटलं, असेल तिथे. त्यावर तो हसला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पहिल्या शिट्टीला कपाट जिन्याच्या वळणावर होतं. ते तिथे असं बसलं की वरचे वर आणि खालचे खाली. वरून दातांच्या डॉक्टरीणबाई उतरत होत्या, त्यांचा दवाखाना तळमजल्यावर. खालून त्यांचाच एक पेशंट गाल धरून त्यांना शोधत येत होता. बाईंनी कपाटाच्या फटीतून त्याला आ करायला सांगितलं आणि फटीतूनच दाढ पाहिली. पाच मिनिटांत तेवढं झालं, म्हणजे माझ्या नियमामुळे त्यांचंसुद्धा काम वाढलं, हे मी वहीत टिपून ठेवलं.

मग आले आजोबा. आजोबा म्हणजे वकीलबाईंचे सासरे, वय नव्वदीला टेकलेलं. ते आरामखुर्चीत पहुडले होते आणि उठणार नाही म्हणाले. न्यायचं तर खुर्चीसकट न्या. न्या म्हटलं. पैलवान आणि दुसरा एक, अशा दोघांनी खुर्ची उचलली. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभा, नजर घड्याळावर. (खाली बघायला हवं होतं, हे आता सगळेच सांगतात.) पंचवीस मिनिटं भरली, मी शिट्टी फुंकली, आणि दोघांनी आज्ञाधारकपणे आजोबांना भर चौकात टेकवलं आणि शेजारी मांडी घालून बसले.

गाड्या आजोबांना वळसा घालून जाऊ लागल्या. वाहतुकीचा हवालदार धावत आला आणि त्याने, धंदाच त्याचा, शिट्टी वाजवली. शिट्टी म्हणजे उचला. त्यांनी खुर्ची उचलली. हवालदाराने थांबा म्हणून पुन्हा वाजवली. त्यांनी खाली ठेवली. तो चिडून वाजवतोय, हे उचलतायत. तो आणखी चिडतोय, हे ठेवतायत. असं आठ-दहा वेळा झालं. आजोबा तिसऱ्या झोक्यालाच घोरायला लागले होते. मी प्रमाणपत्र घेऊन खाली धावलो आणि हवालदाराला शास्त्र समजावू लागलो, तर त्याने शिट्टी जप्त करून मला चौकीतल्या बाकावर नेऊन बसवलं. तीन तास. पाठ धरली ती तिथेच.

तीन तासांनी सुटलो तो पाठ धरून थेट तिकडेच निघालो. वकीलबाईंच्या नव्या दारात पाहतो तर मालक खुर्चीवर चहा पीत बसलेले. घर लागलेलं होतं. पडदेसुद्धा टांगून झाले होते. एक कप फुटला नव्हता. आजोबांची तक्रार नव्हती, उलट पुन्हा कधी हलवताय म्हणून ते विचारत होते. मालकांनी पैलवानाला विचारलं, एवढ्या लवकर कसं काय उरकलं?

पैलवान म्हणाला, "साहेब विश्रांतीला गेले होते ना."

मालकांनी महिनाभर माझ्याकडून विश्रांतीचे फायदे ऐकले होते. त्यांना ते एका क्षणात पटले. मला त्यांनी तिथल्या तिथे कायम केलं, आणि यापुढे ज्या ज्या दिवशी सामान हलेल त्या दिवशी मी पूर्ण पगारी विश्रांती घ्यायची, असं ठरवून दिलं. तेव्हा ताई, विश्रांतीने काम वाढतंच. कुणाच्या विश्रांतीने, एवढं शिबिरात सांगायचं राहिलं. तूही टेकत जा. भावोजींना नमस्कार, चिमीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
धाकटा (कायम)

ता. क. वरचं सगळं हसण्यासारखं लिहिलंय, पण खरं सांगायचं तर मी शनिवारपासून पंधरा दिवस तुमच्याकडे यायचं म्हणतोय. विश्रांती सोसत नाही. काल मालकांचं मोठं काम होतं, तर मी समोरच्या झाडाआड उभा राहून दिवसभर बघत होतो. माझ्याविना फार छान चाललं होतं. कुणी 'जपून' म्हणत नव्हतं आणि सगळे जपूनच नेत होते. वाईट वाटलं गं. भाजी निवडीन, चिमीला शाळेत सोडीन, काहीही सांग, पण काम सांग.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आत पैलवान येऊन गेला. येणं रद्द समज. झाडाआड मी पुरता मावत नाही, असं त्याने कळवलं. उद्या त्यांचा एक गडी कमी आहे, कपाटाची एक बाजू धरायला येता का म्हणाला; वही आणि घड्याळ घरी ठेवून. हो म्हटलं. (पाठ तेवढ्यात सुटली.) तेव्हा भावोजींचा तो जाड पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल मिळेल त्या माणसाबरोबर धाड. खांद्यावर घ्यायला लागतो. उद्याचं मी चादरीवर निभावतो. कशाला ते भावोजींना सांगू नकोस. निघताना मी पैलवानाला विचारलंच, विश्रांती किती वाजता असते. म्हणाला, "जड झालं की."